गव्हाच्या पिशव्या परत मागणारी बाई

थोरलीचा हात शिलाईवर बसला तो पडदे-उशांच्या कारखान्यात. नवरा गेला, पाठोपाठ कारखाना बंद पडला, आणि घरात राहिली ती, सासूबाई, दीर आणि धाकटी जाऊ. सासूबाईंचे गुडघे इतके धरलेले की त्या उठल्या की शेजारच्या घरातही कळायचं. त्यांच्यासाठी थोरलीनं एकदा उरलेल्या जाड सुती कापडाची पिशवी शिवली, आत गहू भरले आणि मधून शिलाया मारून कप्पे पाडले, म्हणजे गहू एका टोकाला जाऊन बसत नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवली की पिशवी बराच वेळ ऊब धरायची.

"हिनं मला माणसात आणलं गं," सासूबाई म्हणाल्या. सुनेच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूपच झालं.

धाकटी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची, फोन घ्यायची, माणसांना वेळ द्यायची. तिनं खिडकीतल्या उजेडात पिशवीचा फोटो काढला आणि ऑनलाइन दुकान उघडलं. दुकान तिच्याच नावावर, कारण पासवर्ड म्हटलं की थोरलीला घाम फुटायचा. फोटोखाली तिनं लिहिलं, 'सासूबाईंच्या गुडघ्यांवर तपासलेली.' लोकांना हसू आलं. हसता हसता ते पिशव्या मागवू लागले.

आतली खोली कारखाना झाली. गव्हाचं पिंप, चाळणी, नरसाळं, मशीन. थोरलीच्या केसांत सदा कोंडा असायचा. गिऱ्हाइकं तिला फोनवर 'गहूकाकू' म्हणायची आणि ते तिला आवडायचं.

सुरुवातीला प्रत्येक पिशवीच्या शिवणीत ती कापडी पट्टी घालायची. दोन मिनिटांच्या वर तापवू नका, पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा तापवू नका, पांघरुणात घेऊन झोपू नका, ज्यांच्या अंगाला ऊन-गार कळत नाही त्यांना देऊ नका. हे सगळं तिनं अशाच एका दुकानाच्या पानावर वाचलं होतं. पण पट्टी मानेला टोचते अशा तक्रारी यायला लागल्या.

"ताई, पट्टी काढा," धाकटी म्हणाली. "कागद छापून खोक्यात टाकू. फोटोतही ती ओंगळ दिसते."

पट्टी शिवायला वेळ जायचा, मागणी वाढली होती. थोरलीनं पट्टी काढली, खोक्यात कागद जाऊ लागला. पुढे कुणीतरी वासाचं विचारलं, म्हणून गव्हात सुवासिक तेलाचे थेंब पडू लागले.

मग ज्या ऑनलाइन बाजारात त्यांचं दुकान होतं, त्याच्या कंपनीकडून संदेश आला. तापवून अंगाला लावायच्या वस्तू प्रयोगशाळेतून तपासून घेतल्या आहेत का, इशारा वस्तूवरच पक्का लावलेला आहे का, कुठली वस्तू कुठल्या खेपेतली हे सांगता येईल का. खाली 'हो' आणि 'नाही'.

"हे सगळ्यांनाच येतं," धाकटी म्हणाली आणि 'हो'वर बोट ठेवलं. थोरली शेजारीच बसून दोरा ओवत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा दोरा ओवू लागली.

हिवाळ्यात एका बाईचा संदेश आला. रागाचा एक शब्द नव्हता. 'तुमच्या पिशवीत गव्हाशिवाय काय घातलं आहे? वडिलांचे पाय भाजले आहेत. डॉक्टर विचारताहेत.'

वडील म्हणजे निवृत्त घड्याळजी. साखरेच्या आजारानं त्यांच्या पावलांना काही कळेनासं झालं होतं. पाय सारखे गार पडतात म्हणून लेकीनं पिशवी आणून दिली. त्या दुपारी त्यांनी ती तापवली, लगेच पुन्हा तापवली, दोन्ही पाय तिच्यावर ठेवून जाड पांघरूण ओढलं आणि झोपले. लेक शाळेतून शिकवून आली तेव्हा घरात करपल्याचा वास होता आणि म्हातारा शांत घोरत होता.

थोरलीनं संदेश वाचला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. एक नवी पिशवी घेतली, तापवली, गार होऊ न देता पुन्हा तापवली, पुन्हा तापवली. शेवटी शिवणीतून धुराची बारीक रेघ निघाली. मोरीत नेऊन तिनं कात्रीनं पिशवी फाडली. वरचे गहू होते तसेच पिवळे होते. मधले कोळसा झाले होते, आणि आत अजून धुमसत होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"माझ्या गुडघ्यावर हेच होतं?" त्यांनी विचारलं.

"हेच," थोरली म्हणाली.

संध्याकाळी चौघं बसली. दीर म्हणाला, "वहिनी, उत्तर देऊ नका. लिहून दिलं म्हणजे कबूल केलं."

"झाकली मूठ राहू द्या, ताई," धाकटी म्हणाली. "कागदावर सगळं लिहिलेलं होतं. त्यांनी वाचलं नाही, त्याला आपण काय करणार?"

"डॉक्टर विचारताहेत गं. तेल आहे की नाही हे त्यांना नको कळायला?"

"आणि मग? दुकान माझ्या नावावर आहे. हात दाखवून अवलक्षण मी का करून घेऊ?"

 थोरलीनं धाकटीचाच फोन घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं की गहू आहेत, तेलही आहे, तेलाचं नाव हे. मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "आता जेवढ्यांनी घेतल्यात तेवढ्या सगळ्यांना सांग. परत मागव."

धाकटीनं सांगितलं नाही. दोन दिवस वाट बघून थोरलीनं शेजारच्या मुलीला हाताशी धरून बाजाराच्या कंपनीला स्वतःच कळवलं. कंपनीनं दुकान बंद केलं, धोक्याची सूचना लावली आणि सूचनेत दुकानदाराचं नाव टाकलं. नाव अर्थातच धाकटीचं.

सरकारी खात्यातून तपासणीला आलेल्या बाई सभ्य होत्या. गव्हाचं पिंप पाहिलं, नरसाळं पाहिलं, आणि धाकटीला विचारलं, "तपासणी केली म्हणून 'हो' लिहिलंय तुम्ही. कुठे केली?"

 थोरली मध्ये पडली, "पिशव्या मी शिवल्यात. पट्टी मी काढली."

"ते तुम्ही नंतर सांगा. 'हो' कुणी लिहिलं?"

दवाखान्यात धाकटीला कुणी काढलं नाही. पण येणारी माणसं तिच्याकडे बघून कुजबुजायची, आणि एक दिवस डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "काही दिवस घरी राहिलीस तर बरं." ती घरी आली, तिनं कपाट उघडलं आणि कपडे बाहेर काढायला सुरुवात केली.

"तुम्ही खऱ्याच्या बाजूनं उभ्या राहिलात, ताई," ती बॅग भरताना म्हणाली. "राहा. पण उभं राहायला पायाखाली मला घेतलंत."

दीर तिच्याबरोबर गेला. जाताना आईच्या पाया पडला, वहिनीशी बोलला नाही.

थोरलीनं सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवले, फोन केले. पुष्कळांनी उत्तरच दिलं नाही. काहींना वाटलं, हा फसवणुकीचा नवा प्रकार. एक आजी लाडानं म्हणाल्या, "गहूकाकू, दिलेली वस्तू परत मागतात का? मी तर रोज पोटाशी घेऊन झोपते." थोरलीनं परोपरीनं सांगितलं. आजींनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला आणि पुढे उचललाच नाही. थोड्या पिशव्या परत आल्या. बाकीच्या कुठल्या कुठल्या घरांत तशाच होत्या.

एक दिवस ती घड्याळजींच्या घरी गेली. लेकीनं दार उघडलं. थोरलीनं आपण कोण ते सांगितलं. लेक बाजूला झाली.

घड्याळजी खुर्चीत बसले होते. उजवा पाय घोट्याच्या वर संपत होता, डाव्याला पट्ट्या होत्या. समोरच्या मेजावर उघडं घड्याळ, डोळ्याला भिंग.

"पिशवी छान होती हो," ते म्हणाले. "मला गरम लागलंच नाही. लागलं असतं तर काढली नसती का? लेकीनं हौसेनं घेतली होती."

लेकीनं थोरलीला आत बोलावलं आणि दार लोटलं. स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून ती हलक्या आवाजात बोलू लागली.

"तो कागद मी वाचला नाही. खोक्याबरोबर फेकला. या हातानं फेकला. रोज उठल्यावर पहिलं तेच आठवतं. मला शिकवायला सुचत नाही. बाबांना सांगितलेलं नाही मी."

थोरली गप्प राहिली असती तर चाललं असतं. कुणी विचारलेलं नव्हतं. पण त्या बाईचे डोळे बघून तिला राहवलं नाही.

"तुमचं चुकलं नाही," ती म्हणाली. "तो इशारा आधी पिशवीलाच शिवलेला असायचा. फेकता आलाच नसता. लोकांना टोचायचा, मला वेळ लागायचा, म्हणून मी काढला."

 एवढे महिने स्वतःवर धरलेला राग लेकीला आता कुठे ठेवावा ते कळेना. तिचा चेहरा आधी सैल झाला आणि मग दगडासारखा झाला.

"शिवलेला असायचा," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही आता जा. बाबांशी बोलू नका. पुढच्या दारानं जाऊ नका."

थोरली मागच्या जिन्यानं उतरली. तक्रार झाली, सुनावणी झाली. लेकीनं जे ऐकलं ते सगळं सांगितलं, थोरलीनं सगळं मान्य केलं. दंड आणि भरपाईची शिक्षा दोघी जावांना मिळून झाली. अंगाला लावायची कुठलीही वस्तू पुन्हा विकायची नाही, हा त्यातला थोरलीला सर्वांत कमी लागलेला भाग. घड्याळजी त्याच वर्षी गेले. डॉक्टरांनी कारण हृदयाचं लिहिलं. थोरलीला ते पटलं नाही, आणि पटवून द्यायला कुणी आलंही नाही.

आता ती कपड्यांच्या दुकानामागे पँटची टोकं दुमडते. धाकटी सासूबाईंना फोन करते, तिला नाही.

परवा एक गृहस्थ पत्ता शोधत तिथे आले. हातात निळ्या कापडाची पिशवी, शिवण उसवलेली, गहू गळत होते.

"तेवढी शिवून द्या," ते म्हणाले. "बायकोला हिच्याशिवाय झोप येत नाही."

थोरलीनं पिशवी घेतली आणि मशीनच्या मागे ठेवली. "ही मी देणार नाही. आग लागते हिनं. मी निरोप पाठवला होता."

"अहो, आमची पिशवी आहे ती! पाच हिवाळे वापरतोय, काही झालं नाही."

"नाही देणार."

"चोर आहात का तुम्ही?" ते ओरडले. दुकानदार आतून धावत आला. ती समजावत राहिली, गृहस्थ हात पुढे करून उभे राहिले, आणि शेवटी शिव्या देत निघून गेले. दुकानदार म्हणाला, "असली भांडणं पुन्हा इथे नकोत हं."

"नाही होणार," ती म्हणाली, पण तशी खात्री तिला नव्हती. कात्रीनं तिनं पिशवी उभी फाडली, गहू कचऱ्याच्या डब्यात ओतले, आणि राहिलेली पँट मशीनखाली सरकवली.