समोरासमोरच्या सीटा

अण्णांचा जन्म गेला शहर बसच्या स्टिअरिंगवर. निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या गाडीत बसले, की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. गल्लीनं त्यांचं नाव 'ब्रेक' ठेवलं होतं.

मूत्रपिंडांनी संप पुकारल्यापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस असे. मुलगा न्यायचा. घरात दोघांचं बोलणं म्हणजे 'जेवलात का' आणि 'हो'. समोर बसले की दोघांच्याही तोंडाला कुलूप. गाडीत मात्र अण्णा सुटायचे. क्लचशी काय वैर आहे तुझं, इंडिकेटर शोभेला लावलाय का? मुलगाही कमी नव्हता. तुमच्या बसमधून उतरलेली माणसं देवाचे आभार मानत घरी जायची, म्हणायचा. या चकमकीच्या आडून बाकीचं यायचं: साहेबानं बढती डावलली, थोरल्या नातवाचं कॉलेजात मन नाही, आई गेल्यापासून घर खायला उठतं. दोघांची नजर रस्त्यावर असायची, म्हणून जड गोष्टीही तोंडातून निघायच्या.

मग बिनचालकाच्या गाड्या आल्या. मुलाच्या रजा संपत आल्या होत्या. त्यानं अण्णांसाठी तसली एक गाडी ठरवून टाकली. ती वेळेवर दारात यायची, पट्टा लावायची आठवण करायची, खड्डा दिसला की हळू व्हायची. अण्णा चूक शोधून दमले. शेवटी एकदा सुनेला म्हणाले, "आज वळणावर घसरली बघ. जीव मुठीत धरून बसलो होतो."

धादांत खोटं. उभ्या जन्मात कुणाला ओरखडा न काढलेल्या माणसानं मुक्या यंत्रावर आळ घेतला.

मुलगा घाबरला. पुढच्या खेपेला अर्धी रजा टाकून बरोबर निघाला. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट चढवला.

या गाडीला पुढची सीट नव्हतीच. सीटा समोरासमोर, बापलेक गुडघ्याला गुडघा लावून बसले. वळण आलं, गाडी पाण्यावरून होडी सरकावी तशी वळली. चूक काढायला कुणी नव्हतं. अण्णांनी थोरल्याचं कॉलेज विचारलं. ठीक चाललंय, म्हणाला. साहेबाचं विचारलं. आहे तसाच, म्हणाला. नजरानजर झाली की दोघं आपापल्या काचेबाहेर बघायचे. मग मुलानं लॅपटॉप उघडला.

दवाखाना जवळ आला तेव्हा त्यानं विचारलं, "अण्णा, कुठल्या वळणावर घसरली होती?"

"माझाच डोळा लागला असेल. बरी चालवते. तुझ्यापेक्षा तर बरीच बरी."

मुलगा हसला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला अण्णांना स्पष्ट दिसला. आजवर गाडीत तो चेहरा त्यांनी इतका समोरून पाहिला नव्हता.

"मग पुढच्या वेळी मी नको ना?"

"कशाला? रजा जपून ठेव."

अण्णा उतरले. गाडी तशीच मुलाला घेऊन ऑफिसकडे निघाली. वर नर्सबाईंनी सुई लावताना विचारलं, आज मुलगा आला होता वाटतं, खिडकीतून दिसला? अण्णांनी हात पुढे केला आणि म्हणाले, त्याला कामं असतात.