बाळंतपणाविना शेक

स्तनांचा आकार कमी करण्याची माझी शस्त्रक्रिया गेल्या हिवाळ्यात सांगलीतील एका खासगी रुग्णालयात ठरलेल्या सोमवारी झाली नाही. ती दोन आठवडे पुढे गेली.

कारण माझे उत्तर. डॉक्टरांनी विचारले, "औषधं कुठली चालू आहेत?" मी सांगितले, कुठलीही नाहीत. सोबतच्या सासूबाईंनी लगेच दुरुस्ती केली. "आन् ती खांद्याची गोळी? रोज चहासंगं खाती की!"

छातीच्या वजनाने खांदे दुखत. गोळी कित्येक वर्षे सुरू होती. आमच्याकडे कोरेगावात दुखण्याची गोळी औषधात धरत नाहीत, शेजारणीलाही देतात. डॉक्टर म्हणाले, या गोळीने रक्त गोठायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेनंतर आत रक्त साठले तर त्याला हिमॅटोमा म्हणतात. कधी टाके उघडून ते काढावे लागते. अशी शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी साधी वाटणारी गोळीही सांगावी.

गोळी बंद झाली. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी सोडताना सूचना मिळाल्या: घट्ट आधाराची ब्रा दिवसरात्र घालायची, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, वजन उचलायचे नाही, छातीला शेक द्यायचा नाही. एका बाजूची सूज किंवा वेदना अचानक वाढली, तर लगेच फोन.

सासूबाईंनी शेक सोडून सगळे मान्य केले. छाती बांधून खाटेवर पडलेली बाई त्यांच्या लेखी बाळंतीण होती. त्यांनी शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला. लष्करातून निवृत्त झालेले सासरे खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"आवं, सरका. इस्तू इझंल."

"डाक्टर न्हाई म्हनलाय. आर्डर हाय."

"डाक्टरनं किती बाळंतपणं केल्यात?"

"हिनं तरी कुठं केलंय आत्ता?"

ओव्याचा वास गल्लीत गेला. संध्याकाळी शेजारच्या काकू झबलं-टोपरं घेऊन आल्या.

"पोरगं का पोरगी?"

"काय न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "उलट कमी करून आणलंय."

मला हसू आवरेना. हसताना डावी बाजू ठणकली. आरशात ती उजवीपेक्षा मोठी दिसली. मी तसे सांगितले. फोन सासूबाईंनीच लावला. डॉक्टरांनी ताबडतोब बोलावले.

गाडीत त्या सांगलीपर्यंत एकच विचारत होत्या, "धग लागली न्हवती न्हवं तुला?" सासऱ्यांनी एकदाच उत्तर दिले, "दाराच्या आत आलीच न्हाई."

डॉक्टरांनी दोन्ही बाजू तपासल्या. सोनोग्राफी झाली. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या नाहीत; उभ्याच राहिल्या.

सूज नेहमीची होती. आत रक्त साठलेले नव्हते. टाके उघडावे लागले नाहीत.