दस्तगीरवर लावलेली फुलं

जर्मन लढाई चालू होती. कोल्हापुरातून भरती झालेली बरीच पोरं बसऱ्याला गेली, काही फ्रान्सला. आमच्या वाट्याला वायव्य सरहद्द आली. घरच्यांना वाटलं, पोरगं वाचलं. मलाही तसंच वाटलं.

आमचं पिकेट एका उंच कुरणाच्या कडेला होतं. पिकेट म्हणजे डोंगरमाथ्यावर दगड रचून केलेली कमरेएवढी आडभिंत, तिच्यामागं दहाबारा जणांचं एक सेक्शन, आणि काम काय, तर खालून जाणाऱ्या रसदेची राखण. झाड औषधालाही नाही. ऐन उन्हाळ्यात रात्री पाणी गोठायचं. गवत मात्र निळ्या फुलांनी भरलेलं. फूल जमिनीला चिकटून, बोटभर उंचीचं. ढग आला की मिटायचं, ऊन पडलं की उघडायचं.

"ह्येलाबी सुभेदाराचं भ्या हाय," दस्तगीर म्हणायचा.

दस्तगीर मंगळवार पेठेतला, माझ्याच गल्लीतला. तालमीत घुमलेला गडी. महाराजांसमोर कुस्ती मारून फेटा मिळवलेला. त्याच्या मापाचा बूट स्टोअरमध्ये नव्हता, त्यामुळं तो दिसला की क्वार्टरमास्तर दुसरीकडं बघायचा.

एका दुपारी भिस्ती पाण्याची पखाल घेऊन वर आला. ती उतरून घ्यायला दस्तगीर भिंतीबाहेर गेला. समोरच्या कड्यावरून गोळी आली. एकच. पोटात लागली. मी त्याला आत ओढला.

"शिवा, आईला सांगू नगं," म्हणाला. काय सांगू नको, ते राहूनच गेलं.

खाली नेणारी वाट गोळीच्या टप्प्यात होती. आमचे सुभेदार कागलकडचे. ते म्हणाले, "हितंच पुरा. पर खूण ठेवायची न्हाई. दगूड न्हाई, काठी न्हाई."

"का, साब?"

"आपण उठलो की हे टोळीवाले उकरत्यात. कापडासाठी. मढं उघडं टाकून जात्यात."

दिवेलागणीला आम्ही संगिनीनं फुलांसकट गवताचे चौकोन कापले आणि शहाबादी फरशीसारखे बाजूला मांडले. मग खणलं. भिस्ती मुसलमान होता, त्यानं दुवा म्हटली. दस्तगीरचं तोंड मावळतीला केलं. उरलेली माती ब्लँकेटमध्ये घालून दरीत टाकली आणि चौकोन परत जागेवर बसवले. आम्ही उसाच्या मुलखातली माणसं. नवी लागण म्हटल्यावर आम्हाला एकच सुचतं. भरपूर पाणी पाजलं.

सकाळी बघतो तर पाणी गोठलेलं. चौकोन वर उचलून आले होते आणि फुलं काळी पडली होती. निळ्या कुरणात माणसाच्या मापाची काळी पट्टी. दस्तगीरच आडवा पडलाय असं वाटत होतं.

तेवढ्यात खालून झेंड्यांच्या खुणांनी हुकूम आला. परवा पिकेट उठवा.

सुभेदार माझ्याकडं वळले. "दोन दिसांत ही पट्टी गेली पायजे."

डोंगराच्या मागच्या उताराला गोळी पोचत नव्हती. तिथून आम्ही नवी रोपं काढली, मुळांभोवतीची खडी तशीच ठेवून, आणि पोटावर सरपटत आणून लावली. पाणी आता ऊन वर आल्यावरच द्यायचं, जेवणाच्या डब्याच्या झाकणानं, थोडं थोडं. अंधार पडला की आमची ब्लँकेटं त्यांच्यावर पसरायची आणि आम्ही कुडकुडत बसायचं. कुणी कुरकुर केली नाही. मी तळव्यानं माती दाबत होतो, तेव्हा भिस्ती हळूच म्हणाला, "आहिस्ता रे. लगता उसको."

त्यानंतर मला दाबवेना. बोटांनी नुसतं थापटत राहिलो.

निघायच्या दिवशी ऊन पडलं आणि सगळं कुरण उघडलं. ती जागासुद्धा. सुभेदारांनी नजर फिरवली. "कुटं रं?"

मी बोट दाखवलं.

"शाब्बास," ते म्हणाले.

रजेवर आलो तेव्हा दस्तगीरची आई दारातच बसली होती. तिला मी लहानपणापासून चाची म्हणायचो. रडून झाल्यावर तिनं एकच मागितलं. "त्येच्या कबरीची चिमटभर माती आणशील? जुम्म्याला कुटं जाऊ मी?"

"आणतो," म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात पलटण पुन्हा त्याच डोंगरात गेली. बर्फानं भिंतीचे दगड पार खाली लोटले होते. कुठून अंतर धरायचं तेच कळेना. डावीकडं फुलं, उजवीकडं फुलं. गुडघ्यावर बसून तळवे टेकत फिरलो. कुठंतरी हाताला कळेल अशी वेडी आशा होती. मग ढग आला आणि सगळी फुलं एकदम मिटली. त्याला हाक मारावीशी वाटली. सेक्शन बघत होतं, म्हणून मारली नाही.

चिमूटभर माती कुठूनही उचलता आली असती. पण चाचीच्या हातावर भलत्याच जागेची माती ठेवायची माझी छाती झाली नाही.

रिकाम्या हातानं तिच्यासमोर उभा राहिलो. चौकोन, पाणी, ब्लँकेटं, सगळं सांगितलं.

"तुलाबी न्हाई गावला?"

"न्हाई, चाची."

ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाला काय गावतोय! लई चांगली लावलीसा की फुलं." आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली. मी तिच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो.

चाची आता नाही. सुभेदार पुढं बसऱ्याला पडले. भिस्त्याचा पत्ता नाही. शिपाई दस्तगीर, मंगळवार पेठ, कुठं आहे हे सांगू शकेल असा एकही माणूस जगात उरलेला नाही. हुकूम तोच होता. आम्ही तो पाळला.