क्विस्टबाई आणि सहावा क्वार्टर

आमच्या बेंच क्रीकमध्ये कोणी मोजण्यात चुकलं की म्हणतात, "आर्विला झाली." केकमध्ये एक अंडं कमी पडलं, आर्विला झाली. कॅफेत चौघांच्या टेबलावर पाच कॉफ्या आल्या, आर्विला झाली. बाहेरगावाहून लग्न करून आलेल्या सुना पहिल्या महिन्यातच हे बोलायला शिकतात. आर्विला कोण, हे त्यातल्या निम्म्याजणींना ठाऊकही नसतं. मला ठाऊक आहे. हा शब्द कानावर पडला की चाळीस वर्षं मी दुसरीकडे बघत आलेय.

आर्विला क्विस्ट आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात कारकून होत्या. आम्ही त्यांना क्विस्टबाई म्हणायचो, आणि पाठीमागे बरंच काही म्हणायचो. उंच, हाडापेराने मजबूत, केस मानेवर घट्ट बांधलेले आणि पेन्सिल त्या केसांतच खोवलेली. मोंटानात शाळेच्या संघातून खेळायचं तर अंगात खेळ असून भागत नाही, कागद लागतात. ते सगळे कागद बाईंकडे. डॉक्टरांनी तपासल्याचं निळं कार्ड, त्यावर आई किंवा बापाची सही, जन्माचा दाखला, कारण एकोणीस ओलांडलेला घोडा पोरांत चालत नसे. हे सगळं त्यांच्या हिरव्या पत्र्याच्या डब्यात ओळीने उभं असायचं. डब्यात कार्ड नाही तर बूट घालून मैदानावर पाऊल टाकायचं नाही. मग तुम्ही कोणीही असा.

दर गुरुवारी दुपारी बाई वर्गावर्गांतून फिरून कोण कुठल्या विषयात नापास आहे त्याची यादी गोळा करायच्या. यादीत नाव आलं की पुढचा आठवडा बाकावर. व्हरांड्यातून त्यांच्या टाचांचा आवाज आला की भले भले फुटबॉलवाले आडदांड पुस्तकात डोकं खुपसायचे. पुस्तक कधीकधी उलटं असायचं.

पण बाई नुसत्या खडूस होत्या असं म्हणणाऱ्याला मी डेल रस्टाडच्या कार्डाची गोष्ट सांगते. डेल आमच्या फुटबॉलचा म्होरक्या. ऑगस्टमध्ये सरावाचा पहिला दिवस आणि याच्या कार्डावर बापाची सही नाही. फुटबॉलचे कोच गयावया करत ऑफिसात आले.

"बाई, बाप गव्हाच्या कापणीवर आहे हो. संध्याकाळी घेतो ना सही."

"मग संध्याकाळी खेळवा."

"अहो, सराव तीनला आहे!"

"सही नाही, तर हेल्मेट नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा टाइपरायटरकडे वळल्या.

कोच पाय आपटत गेले. जेवणाची सुट्टी झाली तशी बाईंनी सँडविच तसंच ठेवलं, आपला पिकअप काढला, अकरा मैल गेल्या आणि कापलेल्या शेतातून थेट कापणीच्या चालू कंबाइन यंत्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डेलच्या बापाला वाटलं घरी कोणीतरी गेलं. पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो खाली उतरला, तर बाईंनी पुढे केलं निळं कार्ड आणि पेन. अडीचला कार्ड डब्यात होतं. त्याच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे, आजही. बाई नियम तसूभर वाकवायच्या नाहीत, पण पोराला नियमापर्यंत पोचवायला स्वतःची गाडी काढायच्या. गावाला यातलं पहिलं लक्षात राहिलं.

आता माझी गोष्ट. मी ट्वायला हौगेन. अठ्ठ्याहत्तर साली दहावीत होते, लंबूटांग, तळहात सदा घामेजलेले. तेव्हा आमच्याकडे मुलींचं बास्केटबॉल शरद ऋतूत असायचं. सगळ्या शाळेत खेळणाऱ्या मुली अकरा. त्यामुळे संध्याकाळी पाचला धाकट्या संघाचा सामना आणि सातला थोरल्यांचा, आणि आम्ही काहीजणी दोन्हींत. पोरी दमून मरू नयेत म्हणून नियम होता की एका मुलीने एका संध्याकाळी पाचच क्वार्टर खेळायचे, एका सामन्याचे चार क्वार्टर. आणि एक सेकंद जरी मैदानात उतरलं तरी तो अख्खा क्वार्टर धरायचा. हे मोजायला बाई गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी बसत, प्रत्येकीच्या नावापुढे पेन्सिलीने रेघा ओढत.

हंगामातला शेवटचा सामना शेजारच्या लोमंडशी, आमच्याच जिममध्ये, म्हणजे शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये. जिंकणारा संघ विभागाच्या स्पर्धेला जाणार होता, आणि बेंच क्रीकच्या मुली त्याआधी कधीच गेल्या नव्हत्या. आमची कप्तान जोलीन बारावीत, तिचं हे शेवटचं वर्ष. जोलीन म्हणजे क्विस्टबाईंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. बाई तिला सामन्यात कधी टाळी वाजवत नसत. टेबलाशी बसलेल्याने टाळी वाजवायची नसते, म्हणायच्या.

मी धाकट्यांच्या सामन्यात पहिला, दुसरा आणि चौथा असे तीन क्वार्टर खेळायचे, दोन थोरल्यांसाठी राखायचे, असं ठरलेलं. तिसऱ्यात आमच्या एकीचा घोटा मुरगळला. कोच लायल ब्रेकींनी इकडेतिकडे बघितलं आणि मला ढकललं. अर्धा मिनिट खेळले असेन, तेवढ्यात लोमंडच्या एकीला धक्का मारून फाउलसुद्धा करून बसले. बाई त्या वेळी टेबलाशी नव्हत्या. ऑफिसात फोन वाजत होता म्हणून गेल्या होत्या. परत आल्या तोवर क्वार्टर संपला होता. म्हणजे धाकट्यांत माझे चार झाले, आणि बाईंच्या कागदावर तीन.

थोरल्यांच्या सामन्यात दुसऱ्या क्वार्टरमध्ये मला दोन मिनिटं घातलं. तो पाचवा. मी टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर बसले. माझं काम संपलं होतं. समोर पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते. धान्याचा ट्रक चालवणारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा माझा सामना बघायला आलेला, टोपी गुडघ्यावर.

शेवटी शेवटी आमच्या एकामागून एक तिघी पाच-पाच फाउल करून बाहेर गेल्या. अकरा सेकंद राहिले, आम्ही एका गुणाने पुढे, आणि चौथीही गेली. बाकावर मी आणि नववीतली एक चिमणी, ती भीतीने रडत होती.

"ट्वायला! बघतेस काय, ऊठ!" ब्रेकी ओरडले.

मी टेबलासमोर जाऊन गुडघ्यावर बसले. बदली खेळाडूने तसंच बसायचं असतं. जिम इतकी गर्जत होती की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"कितवा ग हा तुझा?"

मला माहीत होतं. विसरले, गोंधळले, असलं काही नाही. मला स्वच्छ माहीत होतं. मी वडिलांकडे बघितलं. ते उभे राहिले होते.

"पाचवा," मी म्हणाले.

बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, कागदावर रेघ ओढली आणि आत जायला हात केला. त्या अकरा सेकंदांत माझा बॉलला हातसुद्धा लागला नाही. लोमंडची फेक रिंगवर आपटून बाहेर आली, भोंगा वाजला आणि अख्खं गाव मैदानात उतरलं. वडिलांनी मला उचललं. मी दहावीतली घोडी, आणि त्यांनी मला उचललं. एवढा आनंद मला त्यानंतर लग्नातही झाला नाही, आणि हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

सोमवारी सकाळी बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर धाकट्यांच्या सामन्याची वही उघडी होती. कागद राज्याच्या खेळ संघटनेकडे पाठवण्याआधी त्या दर सोमवारी वहीशी ताडून बघायच्या. तिसऱ्या क्वार्टरच्या रकान्यात चौतीस नंबरपुढे एक फाउल लिहिलेला होता. चौतीस मी.

"ट्वायला, तिसऱ्यात होतीस तू?"

मी बुटांकडे बघत राहिले. बाई थांबल्या. मला नुसतं हो म्हणायचं होतं, पण तोंड उघडेना.

"जा. तास बुडतोय तुझा," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

पुढचं मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. मुख्याध्यापक ओडेगार्ड आत गेले होते.

"अगं आर्विला, अकरा सेकंद! लोमंडवाल्यांना पत्ताही नाही. कोण मोजायला बसलंय?"

"मी बसलेय," बाई म्हणाल्या. "माझं कामच आहे ते."

"जोलीनचा तरी विचार कर. बहिणीला काय तोंड दाखवणार आहेस?"

टाइपरायटर सुरू झाला. दुपारी शाळेच्या स्पीकरवरून सगळ्यांनी ऐकलं. नियमापेक्षा जास्त क्वार्टर खेळवल्यामुळे आम्ही तो सामना हरलो असं धरलं जाईल, स्पर्धेला लोमंड जाईल. आणि मग बाईंचा स्वतःचा आवाज, "ही चूक टेबलावर झाली. टेबलावर मी होते." कुठल्या मुलीचा क्वार्टर, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि त्या धुमाळीत कोण किती खेळलं, ते दुसरं कोणी मोजलंच नव्हतं.

गावाने बाईंना सोडलं नाही. ऑफिसच्या दाराच्या मुठीला कोणीतरी लहान पोरांची मण्यांची पाटी अडकवली. कॅफेत त्या आल्या की गप्पा बंद. सामन्याच्या दिवशी विकायला त्या लिंबाच्या वड्या करून आणायच्या, त्या आता तशाच परत जायला लागल्या. बहीण दोन नाताळ त्यांच्याशी बोलली नाही. जोलीन तर बाई समोरून आल्या की रस्ता ओलांडायची. आणि बाई? दर गुरुवारी टाचा वाजवत यादी गोळा करायच्या. मी यादीत नसायचे. मी जिवाचा आटापिटा करून अभ्यास करत होते, बाईंशी नजरानजर होऊ नये म्हणून.

हळूहळू राग विरला आणि तेवढा शब्द उरला. आर्विला झाली. लोक आता हसत म्हणायचे, प्रेमानेसुद्धा म्हणायचे. मला ते जास्त लागायचं.

शहाण्णव साली बाई निवृत्त होणार होत्या. तोवर मी गावातच संसार थाटून बसले होते. एक दिवस शाळेतून फोन आला. बाईंची जागा घ्याल का, त्यांनीच तुमचं नाव सुचवलंय. मी गेले. बाईंनी हिरवा डबा माझ्यापुढे सरकवला आणि कार्ड कशी लावायची ते दाखवायला लागल्या. माझ्याच्याने राहवेना.

"बाई, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"विचारलं होतं तुला. तू काही बोलली नाहीस."

"पण चूक तुमची नव्हती!"

"होती तर. धाकट्यांची वही माझ्या कोपराखाली होती ग. उघडायला एक क्षण लागला असता. मी वहीला विचारायच्या ऐवजी सोळा वर्षांच्या पोरीला विचारलं. तेही बाप समोर उभा असताना."

"मग आता मलाच कशाला बोलावलंत इथे?"

बाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली. "दुसरं कोणी आणलं तर कधी ना कधी वही उघडायला कंटाळेल. तू नाही कंटाळणार."

नाही कंटाळले. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. टेबलासमोर मुलगी गुडघ्यावर बसली की मी तिला काही विचारत नाही, वही बघते. आता पोरं इतकी कमी झालीत की लोमंड आणि आमचा मिळून एकच संघ आहे. एकाच रंगाचे कपडे, एकच बस. त्या सामन्यासाठी आम्ही जीव टाकला होता हे त्या मुलींना सांगितलं तर हसतात.

गेल्या फेब्रुवारीत बाई गेल्या, अठ्ठ्याऐंशीच्या होऊन. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे पाव, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, बायकांनी आणलेल्या वड्या. लायल ब्रेकी आता काठी टेकत चालतात. त्यांनी सगळ्यांना आवाज दिला, "वड्या माणशी दोन घ्या रे, मोजून! आज तरी आर्विला करू नका!"

सगळे हसले. जोलीनसुद्धा हसली, डोळे पुसत. आणि मी उभी राहिले.

"तो क्वार्टर माझा होता," मी म्हणाले. "धाकट्यांच्या तिसऱ्यात मी खेळले होते. बाईंनी कितवा म्हणून विचारलं आणि मी खोटं सांगितलं. सोमवारी पुन्हा विचारलं, तेव्हा गप्प बसले. बाई मोजण्यात कधीच चुकल्या नाहीत. एकदाच विश्वास ठेवून चुकल्या, तो माझ्यावर."

जोलीन माझ्याकडे बघत राहिली, बासष्ट वर्षांची बाई, आणि चेहरा तोच बारावीतला.

"मावशी समोर दिसली की रस्ता ओलांडायचे मी," ती म्हणाली. "दोन वर्षं."

"माहितीये," मी म्हणाले. "मी शाळेच्या खिडकीतून बघत असायचे."

मी खाली बसले नाही, कारण एक गोष्ट सांगायची राहिली होती. चाळीस वर्षं मनात घोळवलेली, आणि बाई असताना बोलायची होती ती.

"आजपासून या गावात कोणी मोजण्यात चुकलं," मी म्हणाले, "तर ट्वायला झाली म्हणायचं."