हरणाबाईच्या दोऱ्यातली बांगडी

वीज आमच्या भागात तेव्हा नव्हतीच. होती ती तारायंत्राच्या तारेतली तेवढी. अठ्ठेचाळीस साली, निजामाच्या शेवटच्या धामधुमीत, तारेचे खांबही आडवे झाले आणि टपाल थांबलं. परंडा ते सोनारी माणसांची ख्यालीखुशाली तेव्हा नेली-आणली ती हरणाबाई कासारणीनं. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन, पायी.

तिला अक्षर येत नव्हतं. ज्या सासुरवाशिणीचा निरोप, तिच्या मापाची एक बांगडी ती दोऱ्यात ओवून ठेवायची. बांगडीला बोट लागलं की निरोप आठवायचा.

माझी आई चन्नम्मा सोनारीला दिलेली. पहिलटकरीण, सातवा महिना. परंड्यात माझी आजी रुद्रम्मा दोन महिने लेकीच्या खबरीवाचून तळमळत होती. तिनं हरणाबाईला धाडलं.

सोनारीत सासू शेजारीच बसलेली. आई म्हणाली, "अव्वाला सांगा, मी बरी हाय."

हरणाबाईनं दोऱ्यातली आईच्या लग्नातल्या मापाची, अडीचची बांगडी काढली. एरवी हात दाबून चढवावी लागे. ती सरकन गेली आणि हात खाली करताच निसटून मांडीवर पडली.

"सातव्यात हात भरतो, अक्का. हिचा वाळलाय."

"ताप येतो," सासू खाली बघत म्हणाली. "वाटा ह्या असल्या. कळवून तिच्या आईचा जीव कशाला टांगणीला लावायचा?"

हरणाबाईनं सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या भरल्या आणि तसलीच एक दोऱ्यात ओवली.

दुसऱ्या दिवशी आजीनं विचारलं, "काय म्हणाली माझी चन्नी?"

"बरी हाय म्हणाली." आणि दोन बांगड्या आजीच्या तळहातावर ठेवल्या. "ही लग्नातली. ही कालची."

आजीनं एकीतून दुसरी घालून पाहिली. अलगद गेली.

"गाडी जुंपा," ती आजोबांना म्हणाली.

"अगं, रस्त्यावर काय चाललंय ठावं हाय ना?"

"कुणी अडवलं तर पंचमीला लेक आणायला चाललो म्हणा."

सासूनं आडकाठी न करता पाठवणी केली. हिवताप होता. काढा आणि आजीच्या हातचं अन्न लागू पडलं. दोन महिन्यांनी मी झाले, मूठभर. आजीनं काळभैरवाला नारळ वाढवला आणि हरणाबाईची ओटी भरली.

माझ्या लग्नात बांगड्या भरायला तीच, म्हातारी झालेली. मी म्हणाले, "मावशी, मला लिहिता येतं. पत्र टाकीन."

"टाक की. पण वर्षातनं एकदा हात दाखवून जा."

ती होती तोवर मी दरसाल गेले.