साहेबरावांचं एप्रन

बिडकीनच्या रस्त्यावर माझं रंगाचं दुकान आहे आणि समोर साहेबरावांचं वेल्डिंगचं. माणूस महाहट्टी. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की हे मुद्दाम चहा मागवणार. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पेसमेकर बसला. वेल्डिंगच्या वायरीभोवती चुंबक तयार होतं, त्यानं छातीतलं यंत्र गोंधळू शकतं, म्हणून मशीनजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. साहेबरावांनी डॉक्टर बदलून पाहिला. त्यानंही तेच सांगितलं. दुकान पुतण्याकडे, धम्मपालकडे गेलं आणि साहेबराव दिवसभर माझ्याकडे बसून माझं डोकं खाऊ लागले.

त्यांची लेक विशाखा शेंद्र्याच्या एका कारखान्यात आहे. प्लास्टिकमध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळून तिथं पातळ काळे पत्रे करतात. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांना बाहेरच्या लहरींचा त्रास होऊ नये म्हणून ते लागतात. तिनं आणलेल्या नमुन्यात मोबाईल गुंडाळला की रेंज गायब. साहेबरावांनी ही गंमत अख्ख्या रस्त्याला दाखवली.

"कडूबा, ह्याचंच एप्रन शिवायचं अन् पुन्हा वेल्डिंगचा होल्डर हातात धरायचा," ते म्हणाले. मीही मान डोलावली. मला काय कळतंय त्यातलं?

रविवारी विशाखा पत्रा आणि एक होकायंत्र घेऊन आली. धम्मपालनं वेल्डिंग करायचं, तिनं होकायंत्र पत्र्याआड धरायचं आणि सुई हलते का ते बघायचं, असं ठरलं. साहेबरावांना तिनं माझ्या दुकानातून उठू दिलं नाही.

"तू जा बघायला," ते मला म्हणाले. "ती भीतीपोटी कायबी सांगंल."

मी गेलो. धम्मपालनं रॉड टेकवला आणि सुई गर्रकन फिरली. पत्रा मध्ये धरला, दुहेरी करून धरला, तरी तेवढीच फिरली. रस्ता ओलांडून परत येताना खोटं बोलावं असं मला फार वाटलं.

"हलली," मी सांगितलं.

"पत्रा लावल्यावर?"

"लावल्यावर पण."

विशाखा माझ्या मागोमाग आली होती. "बाबा, हा मोबाईलच्या लहरी अडवतो. वायरीभोवतीचं चुंबक ह्यातून आरपार जातं. जाड केला तरी जाईल."

"मंग काय कामाचं तुहं शिक्षण?"

"तुम्हाला खोटं एप्रन घालू द्यायचं नाही, एवढ्या कामाचं," ती म्हणाली आणि रडायला लागली. साहेबरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

समोर धम्मपाल गेट जोडत होता. वेल्डिंगचा आवाज मध्येच तुटायचा, पुन्हा लागायचा; रॉड लांब राहिला की असं होतं, हे साहेबरावांकडूनच मी शंभरदा ऐकलेलं. साहेबराव उठले, रस्त्याच्या कडेपर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"धम्मपाल, रॉड जवळ धर!"

मध्ये ट्रक होते, त्याला ऐकू गेलं नाही. साहेबराव परत येऊन खुर्चीत बसले.

"कडूबा," ते म्हणाले, "तू जाऊन सांग त्याला."