टाकीवरचं काळीज

आमच्या जिंतूरच्या गल्लीतला एक शेजारी रोज सकाळी धाकट्याला मोटारसायकलच्या टाकीवर बसवतो, थोरलीला मागं. गाडी जागेवरच. फोटो निघाला की दोघांना खाली उतरवतो, स्टेटसला 'माझं काळीज' टाकतो आणि एवढ्या कष्टानं दमून ओट्यावर बसतो. वर मलाच शिकवतो, "लेकरायला टैम द्यावा लागतो, भाऊ. तुमच्यासारखं करून कसं जमंल?"

काल थोरलीची शाळेची रिक्षा चुकली. दप्तर घेऊन ती रडतच आली. "पप्पा, शाळेत सोडा ना."

स्टेटस कुणी कुणी बघितलं ते हा बघत होता. "आत्ताच बसलीस की गाडीवर!"

मी माझी गाडी काढून तिला मागं बसवलं. तिनं डोळे पुसले, दात दाखवून हसली आणि मी किक मारायच्या आत खाली उतरली.